दुसऱ्या मजल्यावरचं परसदार

आई पाणी पीत नव्हती, हे कळायला मला, तिच्या पोटच्या मुलीला, डॉक्टरांकडे जावं लागलं. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची आणि मी लग्न होऊन बोरिवलीला. तिला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लघवीला जंतुसंसर्ग झालाय, पाणी किती पिता? आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. टॅक्सीत बसल्यावर मग हळूच म्हणाली, "पाणी पिला की जावक लागता गो."

जायचं म्हणजे गॅलरीच्या पार टोकाला. सगळ्यांच्या दारांवरून, हातात टमरेल घेऊन, वर दोन पायऱ्या चढून. आत उकिडवं बसायचं. आईचे गुडघे कधीच गेले होते. बसता यायचं, पण उठताना नळाचा पाइप धरून, देवाचं नाव घेत उठावं लागायचं. एकदा तो पाइपच हातात आला होता आणि शेजारणीने दार ढकलून तिला उभं केलं होतं. हे तिने मला सांगितलं नव्हतं, शेजारणीने सांगितलं. मी चिडले. आई म्हणाली, "सांगून तू काय करतलंस? पाइप धरून उभी रवतलंस?"

ही बाई अशी कुणाला घाबरणारी नव्हती. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. वडील गिरणीत साचेखात्यात, मागावर, होते आणि आई घरात खाणावळ चालवायची. गावी बायकापोरं ठेवून आलेले कोकणातले कामगार आमच्याकडे पाळीपाळीने जेवून जायचे. संप लांबला तसे ते एकेक करून गावी गेले. वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. जेवायला कुणी येईना, तेव्हा आईने पातेली पालथी घातली आणि मालवणी मसाला करायला घेतला. मिरच्या तिच्या पारखीच्या, भाजणं तिचं, नाकातोंडात खाट जाऊन खोकणं आम्हा सगळ्यांचं. त्या मसाल्यावर मी आर्किटेक्ट झाले, हे मी कौतुकाने सांगायला लागले की ती म्हणायची, "पुरे. मसालो भाजतना तू गॅलरीत पळून जायचंस."

तर अशी आई आता तहान मारून जगत होती. मी जाहीर केलं की तिने माझ्याकडे राहायला यायचं. एक खोली रिकामी केली. कमोड होता, भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली. आई म्हणाली, "बघूया." आमच्याकडे 'बघूया' म्हणजे नाही. पण डॉक्टरांनी दुसऱ्यांदा दटावल्यावर तिने 'बघूया' म्हणणंही सोडलं. तिने हळूहळू मसाल्याचे डबे शेजारणींना द्यायला सुरुवात केली, तेव्हा मला कळलं की ती खरंच निघायची तयारी करतेय.

मी तेव्हा गिरगावातल्या एका छोट्या ऑफिसात काम करायचे. ऑफिस कसलं, जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या, लाकडी जिना आणि सर. सरांना जुन्या इमारतींचं वेड होतं. नवीन बांधायचं तर कमीत कमी बांधावं, उभं आहे ते शक्यतो पाडू नये आणि जे काम वारा करतो ते यंत्राकडून करून घेऊ नये, असा त्यांचा खाक्या. लोअर परळला गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उठत होत्या, तेव्हा ते वैतागून म्हणायचे, "बाहेरून काच लावायची, ऊन आलं की आतून पडदे लावायचे, आणि मग दिवसाढवळ्या दिवे लावून कुडकुडत बसायचं." अशा बोलण्याने कामं मिळत नाहीत. मिळत नव्हतीच फारशी.

आमच्या चाळीच्या तुळया कुजल्या, गॅलरीला टेकू लागले आणि रहिवाशांत दोन तट पडले. एक म्हणत होता, बिल्डरला देऊन टाका, टॉवर होईल, घरात संडास मिळेल. दुसरा म्हणत होता, एकदा संक्रमण शिबिरात गेलो की म्हातारे तिथेच मरणार, त्यापेक्षा दुरुस्त करा. दुसऱ्या तटाने मला गाठलं. मी सरांना घेऊन गेले.

सर चाळ बघून हरखले. गॅलरीचे लाकडी कठडे, बिडाचे नक्षीदार ब्रॅकेट, जिन्याचा झिजून गुळगुळीत झालेला कठडा, सगळ्यावरून हात फिरवत फिरले. मग आईच्या खोलीत आले आणि खिशातून उदबत्ती काढून दाराशी पेटवली. हे ते प्रत्येक जुन्या घरात करत. धूर दारातून आत यायचा, खोलीच्या मधून सरळ जायचा आणि मागच्या भिंतीतल्या खिडकीतून बाहेर पडायचा, तसा इथेही गेला. सर खूश होऊन धुराकडे बघत होते. आईला वाटलं साहेब पूजा करतायत. तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. सरांनी धुरावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं आणि त्यांनीही हात जोडले. काय करतील बिचारे.

आराखडा करायला बसलो तेव्हा आमचं वाजलं. मला प्रत्येक घराला संडास हवा होता. सर म्हणाले, खोलीत जागा नाही आणि जुन्या तुळयांवर वजन घालता येणार नाही. मागच्या बाजूला, दोन चाळींमधल्या हाऊस गल्लीत बांधावं, तर मागची भिंत झाकली जाणार. खिडकी गेली की आरपार वारा गेला, वारा गेला की खोलीची भट्टी होणार, मग प्रत्येक जण भिंतीला भोक पाडून एसी लावणार. "मग आपण वाचवलं काय?" त्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं, गॅलरीच्या टोकाचे संडासच चांगले बांधू, त्यात एक कमोडचा ठेवू.

बरोबर बोलत होते, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणाले, "सर, तुमच्या दादरच्या फ्लॅटमध्ये संडास किती?"

ते चष्मा पुसायला लागले. "दोन," म्हणाले.

"आणि घरात माणसं?"

"मी आणि बायको."

मग मी आईबद्दल सांगितलं. पाण्याबद्दल, पाइपबद्दल, शेजारणीने दार ढकलल्याबद्दल. ऑफिसात मी आईच्या संडासाबद्दल बोलतेय याची मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून मी आणखी मोठ्याने बोलले. "तुमचा वारा खोलीतून जाऊ दे की सर, पण माझी आई खोली सोडून चाललीय." दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर नवीन रेखाटन होतं. हाऊस गल्लीत स्वतःच्या पायांवर उभी राहणारी लोखंडी चौकट, तिचं वजन चाळीवर येणार नाही. चौकटीत प्रत्येक खोलीला मागून चिकटून एक चिंचोळा संडास. खिडकी निम्मी उरत होती. वारा निम्मा झाला होता आणि सरांचं तोंड एवढंसं. मला मात्र नाचावंसं वाटत होतं.

चाळीच्या अंगणात सभा घेतली. मोठा नकाशा दोरीवर कपडे वाळत घालतात तसा टांगला. बायका पुढे येऊन आपापली खोली शोधत होत्या, पुरुष मागे हाताची घडी घालून. मी पट्टीने दाखवत होते, ही गॅलरी, हे दार, ही मोरी, ही खिडकी आणि इथे, मागच्या दारातून गेलं की तुमचा स्वतःचा संडास. टाळ्या पडतील असं मला वाटलं होतं.

आमची शेजारीण, जिचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, तिने विचारलं, "आणि देव?"

"देव काय?"

"देव कुठेत ह्या नकाशात? अगं, तू आमच्यातलीच ना?"

मी नकाशाकडे बघितलं आणि पट्टी खाली घेतली. चाळीच्या प्रत्येक खोलीत देवाची फळी एकाच जागी होती, मागच्या भिंतीला, खिडकीच्या उजव्या अंगाला, कारण ती भिंत पूर्वेची. डाव्या कोपऱ्यात मोरी आणि तिच्या मागे पाण्याचे नि सांडपाण्याचे जुने पाइप. म्हणून आम्ही संडास उजवीकडे काढले होते. आठवडेच्या आठवडे आम्ही ती चाळ मोजली होती. ब्रॅकेटवरच्या फुलाच्या पाकळ्या मोजल्या होत्या. पण असल्या मोजणीत भिंती मोजतात, देव कुणी मोजत नाही. अख्ख्या चाळीचे गणपती, महालक्ष्म्या, रवळनाथ आणि टाकातले कुलदेव आम्ही कमोडला पाठ लावून बसवले होते.

सभा अर्थातच उधळली. कुणी हसत होतं, कुणी भडकलं होतं. टॉवरवाला तट एकदम खुशीत आला. मला वाटलं, निदान आई माझी बाजू घेईल. घर तिचं, गुडघे तिचे, देवही तिचेच. वर खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "देवाच्या पाठीक संडास? माज्या जिवात जीव आसा तोवर नाय."

"मग देव हलवू. समोरच्या भिंतीवर ठेवू."

"ह्या फळयेर तुज्या आजयेन ठेवलेले. मी नाय हलवूचंय."

"मग तू काय करणार आहेस?"

"तुज्याकडे येतंय," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

मी जिना उतरले ती रडतच. सरांशी भांडून आणलेला संडास आईने एका वाक्यात परत केला होता. आणि तिचं चूक आहे असंही मला मनापासून म्हणता येत नव्हतं, कारण त्या फळीसमोर परीक्षेच्या दिवशी मीही हात जोडून उभी राहिले होते. हे सगळ्यात चीड आणणारं होतं.

इकडे सरांचं वेगळंच चाललं होतं. देवांचं त्यांना फार वाईट वाटलं होतं, पण खरी झोप उडाली होती ती वाऱ्याने. निम्मा वारा त्यांना पचत नव्हता. आम्ही पुठ्ठ्याची खोली करून तिच्यात उदबत्ती लावली होती, तेव्हा धूर अर्ध्या खिडकीशी घोटाळत राहिला होता. सरांनी पुठ्ठ्याचा संडास चिमटीत धरून हळूहळू भिंतीपासून मागे ओढला. खऱ्या मापात हातभर होईल एवढं अंतर पडलं आणि धूर त्या फटीतून सुळकन वर निघून गेला. "हेच!" ते ओरडले. "संडास भिंतीला लावायचाच नाही. मध्ये मोकळी जागा सोडायची, वर-खाली उघडी. जायला मधे एक लहानशी फळी." फटीमुळे गल्लीतली हवा वर चढेल, खिडकी पूर्ण उघडी राहील आणि खोली थंड राहील, हे ते दिवसभर सांगत होते. मी मान डोलावत होते. माझ्या दृष्टीने तो प्रश्न आईच्या 'नाय'वरच संपला होता.

आमच्या ऑफिसची एक पद्धत होती. बांधायच्या आधी ती गोष्ट खऱ्या मापात उभी करून बघायची, कारण नकाशा वाचता येतो असं म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांना तो येत नाही. लालबागमध्ये मांडव घालणाऱ्यांची काय वानवा? गणपतीत राजवाडे उभे करणाऱ्या एका मांडववाल्याला सरांनी संडास उभा करायला सांगितला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग अंगणात बांबू नि कापडाची खोलीची मागची भिंत झाली, तिच्यात खिडकी, तिच्यात दार, मग मोकळी जागा, फळी आणि पलीकडे कापडाची चिंचोळी खोली. तिच्यात सरांनी खरा कमोड ठेवला. सवयीने मांडववाल्याने वरती झालरही लावली होती, ती काढायला सांगावी लागली.

रविवारी सकाळी सगळी चाळ खाली जमली. पोरं कमोडवर बसून फोटो काढून घेत होती. शेजारीण आत जाऊन पडदा लावून बसली आणि आतून ओरडली, "जागा पुरते हो!" पण देवांचं काय, हे कुणीच विसरलेलं नव्हतं. कापडाच्या भिंतीवर कुणीतरी खडूने फळी काढून तिच्यावर स्वस्तिकही काढलं होतं.

आईला आणावं असं मला वाटत नव्हतं. तीच आली, कठडा धरत, एकेक पायरी. सर पुढे झाले. "मावशी, बघता का?"

आईने चप्पल काढली. खडूच्या फळीला नमस्कार केला. मग बांबूचा उंबरा ओलांडून ती मधल्या फळीवर गेली आणि तिथेच थांबली. मला वाटलं गुडघा धरला. मी धावले तर तिने हात करून मला मागेच थांबवलं. ती नुसती उभी होती. अंगणातला वारा त्या फटीतून वर चढत होता आणि तिचा पदर हलत होता. तिने एकदा मागे वळून भिंतीकडे बघितलं, एकदा पुढच्या कापडी खोलीकडे. मग पुढे जाऊन तिने पडदा लावला.

बाहेर आली ती थेट सरांसमोर. "साहेब, ह्या घरात नाय."

सरांचा चेहरा पडला. "म्हणजे मावशी, घरातच आहे, पण थोडं…"

"नाय नाय. घर थय संपला," तिने कापडी भिंतीकडे बोट दाखवलं. "मदी अंगाक वारो लागता. मगे ह्या. आमच्या गावाक असाच आसा. घर, मगे परसदार, मगे संडास. देव घरात, आपण परसाकडे. ह्येका कोण नाय म्हणतलो?"

पुढे काय झालं ते मी वर्णन करू शकत नाही, कारण सगळे एकदम बोलायला लागले. शेजारीण म्हणाली, "अगं बाई, खरंच की!" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, देवळाच्या मागेही वाट असतेच. ज्या चाळीतल्या प्रत्येक घराची मुळं कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या परसदारात होती, तिथे हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी ती जागा वाऱ्यासाठी सोडली होती, आईने ती देवासाठी घेतली, आणि दोघांचं माप एकच निघालं होतं. मी मांडववाल्याच्या बांबूंच्या ढिगावर बसले.

घराला संडास मिळतोय म्हटल्यावर टॉवरवाला तटही वळला; परवानग्यांचं रामायण इथे सांगत नाही. तुळया बदलताना एकेक बिऱ्हाड हलवलं, तेही लांब नाही, शेजारच्या खोलीत. आई शेजारणीकडे राहिली आणि दोघींनी एकमेकींच्या आमटीला नावं ठेवली. पन्हळींचं पाणी टाकीत साठवून संडासाला वापरायचं, या सरांच्या योजनेवर बायका आधी हसल्या. आमच्याकडे कालचं पाणी शिळं म्हणून सकाळी ओतून देतात, आणि हे साहेब पावसाळ्यातलं पाणी दिवाळीपर्यंत ठेवायला निघालेले. पण शेवटी शेजारणीनेच निकाल दिला, "संडासाला शिळं काय नि ताजं काय!" नकाशांच्या शेवटच्या संचात सरांनी त्या फटीत इंग्रजी शब्द खोडून 'परस' असं लिहिलं.

चाळ रंगवून झाली, त्यानंतरच्या एका दुपारी मी आईकडे गेले. बांगड्याचं तिखलं केलं होतं. जेवण झालं. आई उठली, मागचं दार उघडून गेली, आली, हात धुतले आणि पुन्हा माझ्यासमोर बसली. कुणाची मदत नाही, देवाचं नाव नाही. मी बघतेय हे तिला कळलं होतं.

"एक सांगू? रागावशीत," ती म्हणाली.

"सांग."

"माका तुज्याकडे येवचा नाय होता. पयल्यापासून."

"मग मसाल्याचे डबे वाटायला कशाला लागलीस?"

"तू खोली रिकामी केलंस, दांडी लावलंस. तुका वाईट वाटला असता."

तिची ती खोली, ती शेजारीण, दारावर येणारी कोळीण आणि तिच्याशी होणारी घासाघीस, हे सगळं सोडून ती माझ्या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये येऊन बसणार होती, माझ्यासाठी. आणि मी रोज रात्री नवऱ्याला विचारत होते की आपल्याला हे जमेल का, ती आणि मी एका स्वयंपाकघरात एक महिना तरी टिकू का.

"मलाही तू यायला नको होतीस, आई," मी म्हणाले.

ती अशी हसायला लागली की तिला ठसका लागला. शेजारणीने गॅलरीतून डोकावून विचारलं, काय झालं. "काय नाय," आई डोळे पुसत म्हणाली, "आमचा दोगींचा खोटा पकडला गेला."

मीही हसत होते, आणि हसता हसता रडत होते. इतकं हलकं मला तिच्या घरात संपाच्या आधीपासून वाटलं नव्हतं. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "आता येत जा गो. आता भ्या नाय वाटत तू येतलंस तर."

"भ्या कसलं?"

"माका न्हेशीत म्हणून."

मी तिला जवळ घेतलं, अगदी घट्ट. तिच्या केसांना मसाल्याचा वास होता आणि ती कुठेही जाणार नव्हती.